एकदा कॉलम बदलून तर बघा!

आमच्या विंगमध्ये एक नॉनस्टिक तवा आहे. तो कोणत्या खोलीत असतो ते लिहीत नाही, कारण हा अंक रेक्टर सरही वाचतात. तर सबमिशनच्या दिवसांत रात्री साडेअकराच्या सुमारास त्या तव्यावर ऑम्लेट चाललं होतं आणि मी माझ्या प्रोजेक्टचं रडगाणं गात होतो. माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा. त्याने उलथनं हातात धरूनच विचारलं, "तव्यावर पण फ्लोरीनच ना? आणि तुझ्या त्या नव्या कॉलममध्ये पण फ्लोरीन. मग इथे अंडं चिकटत नाही आणि तिथे तुझा क्रेसॉल कसा काय अडकतो?"

मी म्हणालो, "तुला नाही कळणार." म्हणजे थोडक्यात, मलाच माहीत नव्हतं. केमिकलचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, चार महिने एचपीएलसीसमोर बसलेला, आणि एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसलो. हा लेख म्हणजे पार्टनरला दिलेलं उशिराचं उत्तर आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या लॅबबद्दलची एक तक्रारही.

आधी प्रोजेक्टबद्दल. मेटा आणि पॅरा क्रेसॉल झिओलाइटवर वेगळे करायचे, हा आमचा विषय. केमिकलवाल्यांना ही जोडी माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. बेंझीनची कडी घ्या, तिला एक ओएच आणि एक मिथाइल लावा. मिथाइल ओएचच्या शेजारी बसला तर ऑर्थो, मधे एक घर सोडून बसला तर मेटा, बरोब्बर समोर बसला तर पॅरा. ऑर्थो १९१ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून तो डिस्टिलेशनने निघून जातो. मेटा आणि पॅरा मात्र दोघेही २०२ अंशांच्या आसपास, एकमेकांपासून अर्ध्या अंशाच्या आत. मॅकेब-थिलेच्या पायऱ्या काढायला बसलात तर ग्राफ पेपर संपेल, पायऱ्या संपणार नाहीत. कारखान्यात म्हणून वाकडी वाट धरतात: दोघांना आयसोब्युटिलीन जोडायचं, जोडल्यावर उत्कलनबिंदू लांब जातात, मग डिस्टिल करायचं आणि शेवटी ते आयसोब्युटिलीन पुन्हा काढून टाकायचं. एवढा खटाटोप करायचा, कारण दोघांचे धंदे वेगळे. पॅरापासून बीएचटी नावाचा अँटिऑक्सिडंट करतात. मेटा इन्सुलिनच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना तो वास ओळखीचा असेल.

आता झिओलाइटने काही काम केलं की नाही हे कळायचं तर बाहेर येणाऱ्या द्रवात मेटा किती, पॅरा किती हे मोजता आलं पाहिजे. ते मोजायचं एचपीएलसीवर. आणि एचपीएलसीवर आम्हाला नऊ आठवडे एकच पीक दिसत होतं. एकच! छान, सुबक, डोंगरासारखं एक पीक, ज्याच्या पोटात दोघेही होते.

या नऊ आठवड्यांत आम्ही काय काय केलं नाही? फ्लो कमी केला. पाणी वाढवलं. कॉलमचं तापमान खाली आणलं, वर नेलं. सॉल्व्हंट पुन्हा गाळलं, पुन्हा डीगॅस केलं. कोणी म्हणालं दिवा जुना झालाय, कोणी म्हणालं इंजेक्टर गळतोय. लॅबमधले मामा एकटेच म्हणत होते, "मशीनला काही झालेलं नाही पोरांनो." त्यांचं कोणी ऐकलं नाही. शेवटी मी लायब्ररीत जुने प्रोजेक्ट रिपोर्ट काढले. याच विषयावर आधी एका बॅचने काम केलेलं होतं. त्यांच्या निष्कर्षात एक वाक्य होतं: मेटा व पॅरा क्रेसॉल वेगळे दिसू शकले नाहीत, म्हणून दोघांची बेरीज दिली आहे. विषय दोघांना वेगळं करण्याचा आणि निकालात बेरीज! मला हसू आलं. मग लक्षात आलं की आमच्या रिपोर्टातही तेच वाक्य जवळजवळ तयार होतं, फक्त टाइप करायचं बाकी होतं.

(कोणी म्हणेल, मग जीसी का नाही वापरला? नेहमीच्या जीसी कॉलमवरही ही जोडी गळ्यात गळा घालूनच बाहेर येते. अमेरिकेतल्या पर्यावरण चाचण्यांच्या अहवालांत ३-मिथाइलफिनॉल आणि ४-मिथाइलफिनॉल कित्येकदा एकाच ओळीत छापलेले दिसतात, ते याचमुळे. तिथेही कॉलमच बदलावा लागतो.)

गोष्ट इथे अडली होती, आणि अडकण्याचं कारण मशीन नव्हतं. कारण आम्ही होतो. आमच्या डोक्यात "कॉलम म्हणजे सी-१८" हे इतकं पक्कं बसलेलं होतं की बाकी सगळं बदललं, पण मशीनच्या मधोमध बसलेली ती स्टीलची नळी बदलावी असं नऊ आठवड्यांत एकालाही सुचलं नाही. गाईडनाही नाही, हे त्यांच्या परवानगीने लिहितोय.

त्या नळीत असतं काय? १५० मिलिमीटर लांब, ४.६ मिलिमीटर आतला व्यास, आणि आत एक-दीड ग्रॅम सिलिका. पाच मायक्रॉनचे गोल कण, आणि प्रत्येक कण स्पंजासारखा सच्छिद्र. अशा सिलिकाला ग्रॅममागे साधारण ३०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे हातात मावणाऱ्या त्या नळीत आपल्या बास्केटबॉल कोर्टाएवढी जमीन घड्या घालून ठेवलेली आहे. या जमिनीवर गवत लावल्यासारखे अठरा कार्बनचे धागे लावले की झाला सी-१८. वरून पाणी आणि सॉल्व्हंट वाहतं. ज्या रेणूला पाणी आवडत नाही तो या तेलकट गवतात रेंगाळतो. ज्याला पाणी आवडतं तो लवकर बाहेर पडतो.

रेंगाळतो, हा शब्द मुद्दाम वापरला. चिकटत कोणीच नाही. चिकटला तर तो बाहेरच येणार नाही. गेटपासून हॉस्टेलपर्यंत चालत येताना कोणी टपरीवर थांबतो, कोणी थांबत नाही, आणि जो जितका जास्त थांबतो तो तितका उशिरा पोचतो, एवढंच. आता समजा दोन मित्र अगदी सारखेच चहाबाज आहेत. रस्ता दुप्पट करा, टपऱ्या दुप्पट करा, दोघे उशिरा पोचतील पण जोडीनेच पोचतील. त्यांना वेगळं करायचं असेल तर रस्त्यात चहाशिवाय दुसरं काहीतरी हवं. एखादं जुन्या पुस्तकांचं दुकान ठेवा. एक थांबेल, दुसरा पुढे जाईल.

सी-१८चा सगळा रस्ता चहाच्या टपऱ्यांचा आहे. तो रेणूचा तेलकटपणा मोजतो, आणि तेवढंच मोठ्या निष्ठेने मोजतो. ऑक्टॅनॉल आणि पाणी यांच्यातली वाटणी पाहिली तर मेटा क्रेसॉलचा लॉग-पी १.९६ आणि पॅराचा १.९४. बिचाऱ्या कॉलमने करावं काय? पीएच बदलून एकाला आयन करावं म्हटलं तर दोघांचाही पीकेए दहाच्या थोडा वर. तिथपर्यंत पीएच नेला तर साध्या कॉलममधली सिलिकाच विरघळायला लागते.

इथे थोडं गणित. अल्फा हा शब्द जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी लिहिलाय (म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलाय). दोन पिकांमधलं रिझोल्यूशन तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतं: प्लेटसंख्येच्या वर्गमुळाचा चौथा हिस्सा, अल्फा वजा एक भागिले अल्फा, आणि के भागिले एक अधिक के. अल्फा म्हणजे दोघांच्या रेंगाळण्याचं गुणोत्तर, म्हणजेच कॉलमची निवड. हिशोबापुरतं समजा प्लेट १०,०००, के चार, आणि अल्फा १.०२. उत्तर येतं ०.३९, म्हणजे एकच डोंगर. नीट वेगळं व्हायला १.५ हवं. कॉलमची लांबी दुप्पट केली तर वेळ दुप्पट, प्रेशर दुप्पट, आणि रिझोल्यूशन फक्त १.४१ पट: ०.५५. फक्त लांबीच्या जोरावर १.५ गाठायचं तर सुमारे पंधरा कॉलम एकामागोमाग जोडावे लागतील. एका कॉलमला १०० बार धरले तरी १५०० बार झाले. आपला पंप ४०० बारला माना टाकतो.

आता बाकी सगळं तसंच ठेवून अल्फा १.०२ चा १.१० करा. उत्तर १.८. त्याच लांबीत, त्याच वेळात. वर्गमुळाखाली बसलेल्या राशीमागे नऊ आठवडे धावायचं की वर्गमुळाबाहेर बसलेल्या राशीला हात घालायचा, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना कोणी सांगायला नको होतं.

आमची सुटका एका सीनिअरमुळे झाली. तो एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, पीएफपी लाव ना!" पीएफपी म्हणजे पेंटाफ्लोरोफिनाइल. त्याच सिलिकावर अठरा कार्बनच्या धाग्याऐवजी तीन कार्बनची छोटी दांडी आणि तिच्या टोकाला बेंझीनची कडी, जिच्या पाच कोपऱ्यांवर हायड्रोजनऐवजी फ्लोरीन. सहावा कोपरा दांडीला जोडलेला. त्याने स्वतःकडचा एक जुना कॉलम महिनाभरासाठी दिला.

आता पार्टनरच्या तव्याकडे येऊ, कारण फ्लोरीन म्हटलं की डोक्यात पहिल्यांदा टेफ्लॉनच येतो. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेटने वायूचा सिलिंडर उघडला तर वायू येईना. आत पांढरी पावडर झालेली होती. तोच टेफ्लॉन. कार्बनची साखळी आणि तिच्याभोवती सगळीकडून फ्लोरीन. फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून ठेवतो की शेजाऱ्याच्या इलेक्ट्रॉनांबरोबर ते जरासुद्धा हेलकावत नाहीत. आणि रेणू एकमेकांना धरतात ते बहुतेक करून या हेलकाव्यांच्या जोरावर. याचा पुरावा उत्कलनबिंदूत बघा. साधं हेक्झेन: रेणूभार ८६, उकळतं ६९ अंशांना. त्यातले सगळे हायड्रोजन काढून फ्लोरीन लावा: रेणूभार ३३८, जवळजवळ चौपट, आणि उकळतं ५७च्या आसपास. वजन वाढलं आणि पकड सैल झाली! हे परफ्लोरोहेक्झेन पाण्यात मिसळत नाही हे समजू शकतं, पण ते थंडीत साध्या हेक्झेनमध्येही मिसळत नाही. एका परीक्षानळीत तिघे घातले तर तीन थर होतात. (आपल्याकडे मे महिन्यात हा प्रयोग करू नये. साधारण २३ अंशांच्या वर ही दोन हेक्झेनं एकमेकांत मिसळतात, आणि व्हायवाला तोंडघशी पडायला होतं.)

म्हणजे साखळीतला फ्लोरीन हा माणूसघाणा. ना पाण्याशी बोलणार, ना तेलाशी. ऑम्लेट सुटतं ते म्हणून.

पण तोच फ्लोरीन बेंझीनच्या कडीवर लावला की स्वभाव बदलतो. बेंझीनच्या कडीच्या वर आणि खाली इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. पोळीच्या दोन्ही बाजूंना तूप लावावं तसा. कडीची तोंडं ऋण, कड धन. फ्लोरीन तो ढग कडेकडे ओढून घेतो. सहाही कोपऱ्यांवर फ्लोरीन असलेल्या हेक्झाफ्लोरोबेंझीनमध्ये चित्र उलटं होतं: तोंडं धन, कड ऋण. आता या दोघांना एकत्र आणा. बेंझीन साडेपाच अंशांना वितळतं, हेक्झाफ्लोरोबेंझीनही पाचेक अंशांना. खोलीत ठेवले तर दोन्ही पाण्यासारखे पातळ. पण रेणूला रेणू असे समसमान मिसळले तर मिश्रण घट्ट होतं आणि ते वितळायला सुमारे २४ अंश लागतात! दोन द्रव मिसळून स्फटिक. कड्या एकाआड एक, चवडीसारख्या रचल्या जातात. पॅट्रिक आणि प्रॉसर यांनी १९६० मध्ये हे नोंदवलं. मी हे वाचलं तेव्हा लायब्ररीत मोठ्याने "आयला" म्हणालो आणि लायब्ररियन मॅडमनी बाहेर काढलं.

पीएफपी कॉलममध्ये हीच उलट स्वभावाची कडी कोर्टभर पसरलेली आहे. ज्या रेणूत इलेक्ट्रॉन भरपूर असलेली कडी आहे, तो तिच्यापाशी थांबतो. क्रेसॉलमध्ये ओएच आणि मिथाइल हे दोघेही कडीला इलेक्ट्रॉन देणारे, पण ते कुठून देतात यावर ढगाचा आकार ठरतो. शिवाय कार्बन-फ्लोरीन बंध हा स्वतःच एक छोटा डायपोल. समोरच्या रेणूचा डायपोल कुठल्या दिशेला आहे याची तो दखल घेतो. शिवाय ही कडी ताठ आहे, सी-१८सारखी लवचीक नाही, त्यामुळे समोरच्याची ठेवण, म्हणजे कोणता कोपरा कुठे बाहेर आलाय, तिला जाणवते. आणि तेलकटपणा मोजण्याचं काम तीही करतेच, सी-१८पेक्षा थोडं कमी. म्हणजे या रस्त्यावर टपरीही आहे, पुस्तकांचं दुकानही आहे आणि कॅरमचा अड्डाही. तेलकटपणात सारखे असलेले दोन रेणू बाकी सगळ्यात सारखे असण्याची शक्यता कमी.

पहिल्या दिवशी आम्ही कॉलम लावला आणि जुनाच मोबाइल फेज चालवला, ॲसिटोनायट्राइल आणि पाणी. डोंगराला खांदा आला, पण डोंगर एकच. मी खचलो. सीनिअरला फोन केला तर तो आधी हसला, मग म्हणाला, "मिथेनॉल घे." हे कारण समजण्यासारखं आहे. ॲसिटोनायट्राइलमध्ये कार्बन-नायट्रोजनचा तिहेरी बंध आहे, त्यातही पाय इलेक्ट्रॉन आहेत. आपल्या रेणूने कडीपाशी थांबायचं म्हटलं तर ॲसिटोनायट्राइलची गर्दी आधीच जागा अडवून बसलेली! मिथेनॉलला ही खोड नाही. प्रेशर थोडं वाढतं, कारण मिथेनॉल-पाणी मिश्रण जास्त दाट. पण क्रेसॉल आपण २७० नॅनोमीटरच्या जवळपास बघतो, तिथे मिथेनॉल आड येत नाही. वर ते स्वस्त. (२००८च्या अखेरीस जगभर ॲसिटोनायट्राइलचा दुष्काळ पडला होता, कारण ते ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यातलं जोडउत्पादन आहे आणि तेच कारखाने मंदावले होते. तेव्हा अनेकांना मिथेनॉलची आठवण झाली म्हणे.)

मिथेनॉलवर दोन पिकं आली. मधली दरी थेट बेसलाइनपर्यंत. मामा मागे उभे होते. म्हणाले, "सांगत होतो ना."

तर पार्टनरला उत्तर. तवा आणि माझा कॉलम दोन्हींत फ्लोरीन असला तरी तव्यातला साखळीवरचा आहे, कॉलममधला कडीवरचा. आडनाव एक, घर वेगळं.

पण साखळीवाल्या फ्लोरीनचेही कॉलम असतात, आणि त्यांचा उपयोग ऐकून मला आपले धोबीकाका आठवले. हॉस्टेलच्या सगळ्यांचे कपडे ते एकत्र धुतात आणि तरी ज्याचे त्याला मिळतात, कारण प्रत्येकाच्या कॉलरच्या आत एक खूण असते. हॉर्व्हाथ आणि राबाई यांनी १९९४ मध्ये फ्लोरीनच्या वेगळ्या थराचा उपयोग करून उत्प्रेरक परत मिळवायची युक्ती दाखवली. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या डेनिस करन यांच्या गटाने ती धोबीकाकांच्या वळणावर नेली: वेगवेगळ्या रेणूंना वेगवेगळ्या लांबीच्या फ्लोरीन-साखळीच्या खुणा बांधायच्या, सगळे एकाच भांड्यात घालून एकत्र अभिक्रिया करायच्या, आणि शेवटी फ्लोरीन-साखळ्यांच्या कॉलममधून सोडायचं. कमी फ्लोरीनवाला आधी बाहेर, जास्तवाला नंतर. बाकी रेणू कसाही असो, कॉलम मुख्यतः फ्लोरीन मोजतो. माणूसघाणा खरा, पण आपल्या जातभाईंत रमतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, हा क्रेसॉलपुरता हट्ट आहे. तसं नाही. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध यू नावाच्या झाडापासून मिळालेलं. सोबत त्याच कुळातले अनेक भाऊबंद येतात. सेफॅलोमॅनीन हा तर फक्त बाजूच्या साखळीतल्या एका तुकड्याने वेगळा. अमेरिकेच्या फार्माकोपियात पॅक्लिटॅक्सेलच्या परीक्षणाला जो कॉलम सांगितलाय त्याचा नंबर एल-४३, म्हणजे आपला पेंटाफ्लोरोफिनाइल. सी-१८चा त्या यादीतला नंबर एल-१. रोल नंबर एकला सगळे ओळखतात, त्रेचाळीसला कोणी ओळखत नाही, हे वर्गातही असंच असतं.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. आपल्यातले कितीतरी जण तारापूर, अंबरनाथ, कुरकुंभ, लोटे इथल्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला किंवा प्लँटवर जातात. तिथे "एकच पीक आलं" याचा अर्थ आपण "माल शुद्ध आहे" असा वाचतो. पण एकच पीक म्हणजे "या कॉलमला फरक दिसला नाही" एवढंच. बॅच पास झाली, सही झाली, ट्रक गेला. पिकाच्या पोटात कोण होतं ते कोणी विचारलंच नाही. ज्याने कॉलेजात दुसरा कॉलम कधी पाहिलाच नाही, त्याला तो प्रश्न पडणार कुठून? पडला तरी तो विचारेल मशीनला, आमच्यासारखा.

यावर तीन आक्षेप ऐकायला मिळाले, तेही लिहितो. एक, सी-१८ हाच पहिला कॉलम असायला हवा. शंभर टक्के मान्य. पहिला असावा, एकुलता एक नसावा. दोन, पीएफपीचा भरवसा नाही: एका कंपनीचा दुसरीशी जुळत नाही, कडी कशाने जोडलीय आणि मोकळी सिलिका किती झाकलीय यावर निकाल बदलतो. हेही खरं, आणि माझ्या मते शिकवायला हीच गोष्ट उत्तम. बेसिक औषधं या कॉलमवर विचित्र वागतात. ॲसिटोनायट्राइल वाढवत गेलं की आधी लवकर बाहेर येतात, आणि प्रमाण फार वाढवलं की पुन्हा रेंगाळायला लागतात, इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख होतो. कारण तेलकटपणाची पकड सुटते तोवर मोकळ्या सिलिकाचा ऋणभार त्यांच्या धनभाराला धरतो. मास स्पेक्ट्रोमीटरवाले याचा फायदा उठवतात, कारण ॲसिटोनायट्राइल जास्त असलं की त्यांचा फवारा छान होतो. व्हायवाला विचारायला याहून चांगला प्रश्न कुठला? तिसरा आक्षेप: "सिलॅबसमध्ये नाही." याला उत्तर नाही.

चौथा आक्षेप माझ्या बहिणीचा, ती पर्यावरणशास्त्र शिकते. फ्लोरीनची रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत, त्यांच्यावर बंदीची चर्चा चालू आहे, आणि तू त्यांचं कौतुक काय लिहितोस? तिचं म्हणणं साखळीवाल्यांबद्दल रास्त आहे. २०२३ मध्ये युरोपातल्या पाच देशांनी मिळून या पीफास कुळावर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. पण ओईसीडीने २०२१ मध्ये जी व्याख्या केली तिच्यात पूर्ण फ्लोरीन लागलेला मिथाइल किंवा मिथिलीन कार्बन लागतो. पीएफपीची कडी त्यात बसत नाही, फ्लोरीन-साखळीचे कॉलम बसतात. गंमत म्हणजे आपल्या मशीनमधल्या कित्येक नळ्या आणि सील टेफ्लॉनचेच. ही पीफास रसायनं पाण्यात मोजणाऱ्यांना आधी मशीनमधला टेफ्लॉन बदलावा लागतो, नाहीतर मशीनच सापडतं. तेव्हा सगळ्या फ्लोरीनला एका पोत्यात भरू नये, ना कौतुकाच्या, ना बंदीच्या.

आता मागणी. विभागाच्या यंदाच्या खरेदीच्या यादीत एक सी-१८ कॉलम आहे, जुन्याला जोड म्हणून, अगदी तोच. मी नोटीस बोर्डावर स्वतः वाचली. माझी विनंती आहे की त्या जागी पीएफपी लिहावं. मशीनची किंमत लाखांत, कॉलमची हजारांत. यादीतला आकडा फारसा बदलणार नाही. आणि टी.ई.च्या जर्नलमध्ये एक प्रयोग घालावा: तिन्ही क्रेसॉलचं पातळ द्रावण (फ्यूम हूडमध्ये करा, वास हॉस्टेलपर्यंत येतो), आधी सी-१८वर, मग पीएफपीवर, मग पीएफपीवर सॉल्व्हंट बदलून. तीन क्रोमॅटोग्राम शेजारी शेजारी चिकटवायचे आणि खाली कारण स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही, निदान पहिली बॅच तरी.

एचओडी सर म्हणाले, "अर्ज दे, बघू." अर्ज दिलाय.

सीनिअरचा कॉलम येत्या सोमवारी परत करायचा आहे. मिथेनॉलने धुतला, दोन्ही टोकांना बुचं लावली, डबीत ठेवला. लॅबच्या कपाटाची चावी हरवलेली असल्यामुळे डबी सध्या आमच्याच खोलीत आहे, कपाटात वरच्या फळीवर, तव्याच्या शेजारी. अरेरे, खोली सांगून बसलो.